श्रवणयंत्र वाटले, पुढे काय?

म्हैसूर जिल्ह्यातील तिरुमकुडलु नरसीपूर तालुक्यात, कावेरी आणि कपिला यांच्या संगमाच्या परिसरात, सोसले हे गाव आहे. व्यासराज मठामुळे माध्व परंपरेतील लोकांना ते नावाने ठाऊक असते. एरवी ते भातशेतीच्या मुलखातले एक गाव. तिथून म्हैसूर शहर तास-सव्वातासाच्या अंतरावर आहे आणि त्या शहरात वाचा व श्रवण या विषयाला वाहिलेली देशातील अग्रगण्य संस्था आहे. अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 साली सुरू झाली. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडेयर यांनी तिला मानसगंगोत्री परिसरात जमीन दिली आणि जुलै 1966 मध्ये राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. म्हैसूरकर तिला ‘आयिश’ म्हणतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था कानाची तपासणी करते, यंत्रे बसवते, कानाचे साचे बनवते आणि देशभर काम करणारे श्रवणतज्ज्ञ घडवते.

उतारवयात ऐकू कमी येण्याचा प्रश्न भारतातील कुठल्या खेड्यात सहज सुटायला हवा असे विचारले, तर सोसले आणि आसपासच्या गावांकडेच बोट दाखवावे लागेल. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या माणसाला मुंबईतील वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था किंवा नायर रुग्णालयाचा श्रवण विभाग गाठायला एक रात्र प्रवासात घालवावी लागते. सोसलेच्या माणसाला सकाळची बस पुरते. म्हणूनच या प्रश्नाचा आढावा अशा गावाच्या जागेवरून घ्यायला हवा. संस्था जवळ असली, यंत्र सवलतीत मिळाले, तरी घराच्या ओसरीवरचा संवाद पुन्हा सुरू होतो का? होत नसेल, तर नेमके कुठे अडते? या लेखातील सगळी माहिती मला एकाच निष्कर्षाकडे नेते: आपण यंत्र देण्यावर थांबतो आणि खरे काम त्यानंतर सुरू होते.

मोजणीतून सुटलेली माणसे

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2021 मध्ये श्रवणाविषयीचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येते आणि त्यांपैकी सुमारे 43 कोटी लोकांना यंत्र, उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे, असे हा अहवाल सांगतो. 2050 पर्यंत गरजूंचा आकडा 70 कोटींवर जाईल असा अंदाज आहे. ज्यांना यंत्राचा उपयोग होऊ शकतो, त्यांच्यापैकी जेमतेम 17 टक्के लोक ते वापरतात.

भारताचे आकडे पाहिले की गोंधळच होतो. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुमारे 6.3 कोटी बाधितांच्या अंदाजावर उभा आहे. 2011 च्या जनगणनेत मात्र श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे 50 लाख निघाली. एवढी तफावत पडते, कारण दोन्हीकडे विचारलेला प्रश्न वेगळा आहे. जनगणनेचा कर्मचारी दारात उभा राहून घरात कोणी अपंग आहे का असे विचारतो. ज्या आजोबांना टीव्ही मोठा करावा लागतो, हाक दोनदा मारावी लागते आणि लग्नाच्या मांडवात जे नुसते हसून मान डोलावतात, त्यांचे नाव कोणी सांगत नाही. घरचे म्हणतात, “वयच झालं आता.”

कायदाही त्यांना ओळखत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार बोलण्याच्या पट्टीतील आवाजांसाठी दोन्ही कानांची घट 60 ते 70 डेसिबल असेल तर माणूस ‘कमी ऐकू येणारा’ ठरतो आणि 70 च्या पुढे ‘बहिरा’. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानाची घट 35 डेसिबलच्या पुढे गेली की पुनर्वसनाची गरज आहे असे मानते. साधे बोलणे साधारण 60 डेसिबलच्या आसपास असते. त्यामुळे 50 डेसिबल घट असलेल्या माणसाला समोरचा बोलतो आहे एवढे कळते, काय बोलतो ते कळत नाही. या माणसाला यंत्राचा सर्वांत जास्त फायदा होऊ शकतो. प्रमाणपत्राच्या रांगेतून मात्र तो रिकाम्या हाताने परत येतो.

कानात काय बिघडते

बाहेरच्या आणि मधल्या कानातील बिघाड बहुधा दुरुस्त होतात. मळ घट्ट बसून दडा बसला असेल तर डॉक्टरकडे काही मिनिटांत काम होते. लहानपणापासून कान वाहत असेल आणि पडद्याला भोक पडले असेल, तर औषध किंवा शस्त्रक्रिया आहे. आपल्याकडे गरीब वस्त्यांत हे कारण अजूनही मोठे आहे. मधल्या कानातील हाड घट्ट होण्याच्या आजारावरही शस्त्रक्रिया होते. म्हणूनच यंत्राच्या दुकानात जाण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानात डोकावून पाहणे आवश्यक आहे.

वयानुसार येणारा बहिरेपणा आतल्या कानात असतो. गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या त्या अवयवात सुमारे 15 हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पातळ, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात आणि त्याच आधी जातात. स्वर मुख्यतः खालच्या पट्टीत असतात, व्यंजने बरीचशी वरच्या. म्हणून आवाज पोहोचतो आणि शब्द हरवतो. ‘पाट’, ‘ताट’, ‘खाट’, ‘काठ’ या चारही शब्दांतला ‘आ’ अशा माणसाला नीट ऐकू येतो. त्याच्या मागचे-पुढचे अक्षर तो अंदाजाने भरतो. घरात ओळखीच्या विषयावर अंदाज जमतो, बँकेत किंवा दवाखान्यात चुकतो.

दुसरी गोष्ट घरोघर भांडणाला कारण होते. खराब झालेल्या आतल्या कानात हळू आवाज नाहीसा होतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच, कधी जास्तच टोचतो. सून हळू बोलते तेव्हा सासूबाई “काय?” म्हणतात आणि ती आवाज चढवते तेव्हा “ओरडतेस कशाला?” म्हणतात. हा हट्ट नाही आणि सोंगही नाही. ऐकू येण्याची आणि सहन होण्याची मर्यादा एकमेकींजवळ आल्याचे ते लक्षण आहे. हे एकदा कळले की कित्येक घरांतला राग ओसरतो.

वयाच्या जोडीला आणखी कारणे आहेत. गोंगाट हे त्यांतले सर्वांत मोठे टाळता येणारे कारण. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेले कामगार ओठ वाचायला आपोआप शिकतात. कारखान्यातील गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे, पण कानाला लावायची साधने कामगाराच्या हाती क्वचितच पडतात. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे आवाज मोजत आले आहेत आणि त्यांचे आकडे अनेकदा 100 डेसिबलच्या पुढे गेले आहेत. आवाज 3 डेसिबलने वाढला की कानाला सुरक्षित असलेला वेळ निम्मा होतो. ढोल-ताशा पथकातली आजची तरुण मुले साठीला पोहोचतील तेव्हा त्यांच्या कानांचे वय त्याहून जास्त असेल. क्षयरोगावरची स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन यांसारखी इंजेक्शने घेतलेल्या कित्येक रुग्णांचेही कान गेले. उपचार गोळ्यांकडे वळल्याने हा धोका आता कमी होत आहे. मधुमेहाचाही कानावर परिणाम होतो.

काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले तर ती तातडीची बाब आहे. पहिल्या दिवसांत उपचार मिळाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता असते. एकाच कानात सतत आवाज येणे, त्याच कानाने कमी ऐकू येणे, चक्कर, कानातून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पू येणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर गाठावा.

तपासणी आणि यंत्र

ध्वनिरोधक खोलीत कानांवर हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक सूर ऐकवले जातात आणि ऐकू आला की बटण दाबायचे असते. त्यातून ऑडिओग्राम हा आलेख तयार होतो. सूर ऐकू येणे आणि शब्द ओळखणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून शब्दांची चाचणी लागते. ही चाचणी रुग्णाच्या भाषेतच व्हायला हवी. म्हैसूरमध्ये कन्नड शब्दांच्या याद्या वापरतात. मुंबईत मराठी माणसाला हिंदी शब्द देऊन तपासले, तर कानाचा दोष किती आणि भाषेचा किती हे सांगता येत नाही. बेळगाव भागातील मराठीभाषकांसाठी तपासणाऱ्याने आधी विचारायचा प्रश्न हाच आहे: घरी कोणत्या भाषेत बोलता?

पूर्वी सरकारी शिबिरात मिळणारे यंत्र खिशात ठेवायचे असे. डब्यातून निघालेली वायर कानापर्यंत जायची, सदऱ्याचे कापड मायक्रोफोनवर घासले की खरखर व्हायची आणि सगळे आवाज सारखेच वाढायचे. 1996 मध्ये पूर्णपणे डिजिटल यंत्र बाजारात आले आणि चित्र पालटले. आता यंत्रात आवाजाचे वेगवेगळ्या पट्ट्यांत विभाजन होते. ज्या पट्टीत कान कमजोर आहे तिथेच वाढ होते, हळू आवाज जास्त वाढतो आणि मोठा कमी. संगणकाला जोडून यंत्र त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे जुळवता येते. कानामागे बसणारे, कानाच्या वाटेत बसणारे, बॅटरीवर किंवा चार्जिंगवर चालणारे असे प्रकार आहेत. यंत्र महाग की स्वस्त यापेक्षा ते त्या कानासाठी जुळवले आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते. जाहिराती पाहून मागवलेली, न जुळवलेली आवाज वाढवणारी उपकरणे सगळाच गोंगाट वाढवतात आणि माणसाचा यंत्रावरचा विश्वास कायमचा उडवतात.

यंत्राच्या मर्यादाही आधी सांगायला हव्यात. चष्मा लावला की अक्षर लगेच स्वच्छ दिसते; कानाचे तसे नाही. मेलेल्या पेशी यंत्राने जिवंत होत नाहीत. वर्षानुवर्षे ज्या आवाजांची सवय मोडली, ते मेंदूला पुन्हा शिकावे लागतात. समोर मीटरभरावर बसून बोलणाऱ्याचे नीट ऐकू येते, पण दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक किंवा मांडवातला कलकलाट यंत्रालाही अवघड जातो.

पहिल्या दिवसाचा अनुभव जवळून पाहण्यासारखा असतो. साचा घेताना आधी कानात कापसाचा दोरा बांधलेला छोटा बोळा ठेवतात, मग पिचकारीने मऊ लगदा भरतात आणि काही मिनिटांनी तो घट्ट झालेला कानाचा ठसा बाहेर काढतात. त्यावरून साचा तयार होऊन येतो. यंत्र चालू होताच स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. वर्तमानपत्राची घडी उघडली तरी कडकडाट होतो, नळाचे पाणी धबधब्यासारखे वाटते, स्वयंपाकघरात ताटल्या आपटल्यासारख्या ऐकू येतात. साचा नीट बसला नसेल तर यंत्र शिट्टी मारते. या अवस्थेत “हळूहळू सवय होईल, आज दोन तास लावा, उद्या तीन” असे सांगणारे कोणी नसेल, तर संध्याकाळी यंत्र डबीत जाते. डबीतून ते कपाटात जाते.

यंत्राचा फायदा होतो का?

होतो, आणि त्याला आधार आहे. सौम्य ते मध्यम घट असलेल्या प्रौढांवरील चाचण्यांचा कॉक्रेन आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच चाचण्या आणि 825 सहभागी यांच्या आधारे, यंत्रामुळे ऐकण्याची क्षमता आणि श्रवणाशी निगडित जगणे सुधारते असा निष्कर्ष त्यात निघाला.

बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंश यांच्या संबंधाची चर्चा अलीकडे खूप होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 पासून ऐकू कमी येणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत वरच्या स्थानी ठेवले आहे, 2024 च्या अहवालात त्याचा वाटा 7 टक्के मानला आहे. म्हणून यंत्र लावले की विसराळूपणा टळतो, अशी जाहिरात सुरू झाली. ती घाईची आहे. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवर तीन वर्षे झालेली चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांचे मिळून पाहता बौद्धिक घसरणीत यंत्रामुळे फरक दिसला नाही. मात्र आधीपासून हृदयविकाराच्या अभ्यासात असलेल्या, अधिक जोखमीच्या गटात घसरण 48 टक्क्यांनी मंद झाली. ही आशेची बातमी आहे, हमी नव्हे. यंत्र घ्यायला याहून साधे आणि भक्कम कारण आहे: माणसाला माणसात राहता येते. ऐकू न येणारा वडीलधारा बैठकीतून उठून जातो, फोन घेणे टाळतो, औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे हे पुन्हा विचारायला संकोचतो. हे एकटेपण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढत जाते, आणि ते टाळता येण्याजोगे असते.

कपाटातली यंत्रे

यंत्र मिळालेले लोक ते का वापरत नाहीत, याचा आढावा मॅकॉर्मॅक आणि फोर्टनम या ब्रिटिश अभ्यासकांनी 2013 मध्ये घेतला. गोंगाटात उपयोग होत नाही, कानात नीट बसत नाही, टोचते, देखभाल जमत नाही, ही कारणे त्यात ठळक होती. लाज हे कारण आपण नेहमी पहिले धरतो, पण न वापरण्याच्या मुळाशी बऱ्याचदा अपुरी जुळवणी आणि तुटलेला पाठपुरावा असतो. लाजेचा परिणाम यंत्र घेण्याआधीच दिसतो. अमेरिकेतील एका दीर्घ पाहणीत यंत्राची गरज निर्माण झाल्यापासून ते घेईपर्यंत सरासरी सुमारे 9 वर्षे गेलेली आढळली. तोवर माणूस सत्तरीच्या पलीकडे जातो, बोटे थरथरतात, दृष्टी मंदावते आणि नवे काही शिकण्याची उमेद ओसरते.

बॅटरीचेच पाहा. झिंक-एअर बॅटरी उडदाच्या दाण्याहून थोडी मोठी असते. तिच्यावर चिकटवलेला रंगीत तुकडा काढला की हवा आत जाते आणि ती सुरू होते. मग वापरा किंवा नका वापरू, ती संपत जाते. केशरी, तपकिरी, निळा अशा रंगांवरून तिचे माप ओळखायचे. ती आठवडा-दोन आठवडे पुरते. बॅटरीच्या कप्प्याच्या दाराची बाजू, धन-ऋण टोके, तुकडा काढल्यावर थोडे थांबणे, रात्री ते दार उघडे ठेवणे, एवढे सगळे मोतिबिंदू झालेल्या आजींना थरथरत्या बोटांनी करायचे असते. गावातल्या किराणा दुकानात ही बॅटरी मिळत नाही. पावसाळ्यात साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब जमतात, मळाने नळीचे टोक बुजते आणि यंत्र ‘बंद पडते’. खरे तर नळी स्वच्छ करून, सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवले तर ते पुन्हा चालते. पण हे सांगायला जवळ कोणी नसते, आणि चालू यंत्र बिघडले म्हणून बाजूला पडते.

सोसलेसारख्या गावातला हिशेब असा होतो. तपासणीसाठी एक फेरी, साच्यासाठी दुसरी, यंत्र बसवायला तिसरी, जुळवायला चौथी. प्रत्येक फेरीला घरातले एक माणूस सोबत लागते आणि त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. आयिशसारखी संस्था तासाभरावर असूनही हा खर्च नाहीसा होत नाही. दूरच्या जिल्ह्यांत तर दुसरी फेरी होतच नाही. आयिश आता दूरसंवादाने तपासणी आणि सल्ला देते. गावाच्या बाजूला त्या स्क्रीनपाशी बसून आजोबांच्या कानातला साचा नीट बसवणारे हात असतील, तरच त्याचा उपयोग होतो.

पैसा आणि योजना

श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, तरी खासगी बाजारात दोन्ही कानांच्या चांगल्या डिजिटल यंत्रांची किंमत हजारांत सुरू होऊन लाखांपर्यंत जाते. केंद्राची दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी योजना 1981 पासून आहे. ती 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी 2017 मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली. कानपूरच्या कृत्रिम अवयव निर्माण महामंडळामार्फत शिबिरांतून काठी, चष्मा, चाकाची खुर्ची यांसोबत श्रवणयंत्रेही दिली जातात. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. 65 वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीच्या खात्यात साधनासाठी एकरकमी 3,000 रुपये जमा होतात.

या योजनांमागचा हेतू चांगला आहे आणि त्यांनी कित्येकांना पहिले यंत्र दिले आहे. पण काठी हातात दिली की काम संपते; श्रवणयंत्र दिले की काम सुरू होते. 3,000 रुपयांत तपासणी, साचा, जुळवणी, वर्षभराच्या बॅटऱ्या आणि दुरुस्ती हे सगळे बसत नाही. खात्यातल्या त्या पैशांतून बरेचदा बाजारातले कानात घालायचे तयार उपकरण घेतले जाते. शिबिरात मिळालेले यंत्र चार महिन्यांनी शिट्टी मारू लागले, तर कुठे जायचे, हे त्या डबीवर लिहिलेले नसते.

ब्रिटनमध्ये 1948 पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा श्रवणयंत्रे मोफत देते आणि त्यासोबत बॅटऱ्या व दुरुस्तीही देते. तरी तिथे गरज असलेल्या सगळ्यांपर्यंत यंत्र पोहोचलेले नाही. अमेरिकेने ऑक्टोबर 2022 मध्ये प्रौढांच्या सौम्य-मध्यम घटीसाठी तज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय दुकानात यंत्र विकायला परवानगी दिली. किंमत उतरवण्याचा तो एक मार्ग आहे. पण दाराशी मदत नसेल तर स्वस्त यंत्रही वापराविना पडून राहते. किंमत हा प्रश्नाचा एक भाग आहे आणि सेवा हा दुसरा. पहिल्यावरच पैसा खर्च केला की दुसरा तसाच राहतो.

गावात काय करता येईल

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2024 मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी श्रवणयंत्र सेवेचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. प्रशिक्षण दिलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी प्रौढांची प्राथमिक तपासणी, यंत्र बसवणे आणि पाठपुरावा हे काम करावे आणि गुंतागुंतीचे रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवावेत, असे त्यात सुचवले आहे. श्रवणतज्ज्ञ शहरांत एकवटले आहेत. प्रत्येक तालुक्याला एक मिळायला पिढी जाईल. तोवर कान थांबणार नाहीत.

आपल्याकडे यासाठी यंत्रणा नाही असे म्हणता येत नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांत कान-नाक-घशाची प्राथमिक काळजी समाविष्ट आहे. आशा कार्यकर्त्या घरोघर जातातच. पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी एकदा आणि पासष्टीनंतर दर एक ते तीन वर्षांनी कान तपासावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. रक्तदाब आणि साखर मोजण्याच्या रांगेतच ही तपासणी बसवता येईल. कानात मळ आहे का, पू आहे का, मोबाइलवरची साधी श्रवणचाचणी काय सांगते, एवढे तीन प्रश्न प्राथमिक केंद्रात सुटले तर तज्ज्ञाकडे योग्य माणसेच पोहोचतील.

त्यानंतर यंत्राची जबाबदारी गावाजवळच हवी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एका कर्मचाऱ्याला नळी साफ करणे, बॅटरी बदलणे, साचा बसवणे आणि शिट्टीचे कारण ओळखणे शिकवावे. बॅटऱ्या औषधांच्या साठ्यात ठेवाव्यात. यंत्र मिळाल्यावर आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी घरी भेट व्हावी. अधिकाऱ्यांनी मोजायचा आकडा बदलायला हवा. सध्या किती यंत्रे वाटली हे अहवालात येते. सहा महिन्यांनंतर दिवसातून किती तास किती जण यंत्र वापरत आहेत, हा आकडा आला पाहिजे. डिजिटल यंत्रांतल्या स्मृतीत वापराचे तास नोंदलेले असतात, त्यामुळे हे मोजणे अवघडही नाही.

दिव्यांगत्वाच्या कायद्यातली 60 डेसिबलची पायरी यंत्राच्या योजनांना लावू नये. 35 ते 60 डेसिबल घट असलेला माणूस नोकरीतले आरक्षण मागत नाही. त्याला कानाला आधार हवा आहे. यंत्राच्या साहाय्यासाठी तज्ज्ञाचा ऑडिओग्राम पुरेसा मानावा. तसेच दोन्ही कानांत घट असताना एकाच कानाला यंत्र देऊन फाइल बंद करू नये.

घरातल्यांनाही काही शिकायला हवे आणि ते फुकट आहे. बोलण्याआधी लक्ष वेधावे. चेहरा उजेडात ठेवावा, कारण बरेचसे बोलणे ओठांवरूनही कळते. टीव्ही बंद करून बोलावे. ओरडण्याऐवजी सावकाश बोलावे. शब्द कळला नाही तर तोच मोठ्याने म्हणण्यापेक्षा वाक्य बदलून सांगावे. “काही नाही, जाऊ दे” हे चार शब्द ऐकू न येणाऱ्याला सर्वांत जास्त दुखावतात, ते घरातून काढून टाकावेत.

आयिश सहा दशके तज्ज्ञ घडवत आहे, मुंबईच्या संस्थाही हे काम करतात. ज्ञान आपल्याकडे आहे आणि यंत्रेही आहेत. आता प्रत्येक जिल्ह्याने एकच प्रश्न विचारायचा आहे: गेल्या वर्षी आपण ज्यांना यंत्र दिले, त्यांच्यापैकी आज किती जणांच्या कानात ते आहे? उत्तर देता येत नसेल, तर पुढच्या वाटप शिबिराआधी त्या घरांच्या भेटी व्हायला हव्यात.